दुसरं घर

मंगळवार, ४

आज ह्यांना घरी आणलं. दवाखान्याच्या दोघांनी खुर्चीत बसवून जिना चढवला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर खुर्ची भिंतीला घासली, पोपडा निघाला. जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या इमारतीला लिफ्ट नाही, हा ह्यांचाच जुना विनोद. प्रत्येक पाहुण्याला वरच्या पायरीवर उभं राहून ऐकवायचे. आज तो करायला त्यांच्याकडे शब्द नव्हते आणि मला तो सुचूनही हसू आलं नाही.

अजून खरं वाटत नाही. दात घासत होते, ब्रश पडला, उचलायला वाकले ते उठलेच नाहीत. मी बाहेरून ओरडत होते, "अहो, नळ बंद करा, नळ!" चालत्याबोलत्या नवऱ्याशी बोललेलं माझं शेवटचं वाक्य ते.

उजवा हात आणि उजवा पाय गेला. बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कळतं बरंचसं, पण हवा तो शब्द सापडत नाही. एखादा शब्द तोंडात बसतो, तोच येत राहतो. अर्थ लावत बसू नका. नवीन शब्द आला तर मात्र बोलणं शिकवणाऱ्या बाईंना कळवा."

पडद्यांची मापं लिहायच्या वहीत मागून लिहितेय. पुढून लोकांच्या खिडक्या, मागून माझं हे. कोणाला तरी सांगायला हवं, आणि ज्यांना सांगायची सवय आहे ते पलंगावर पडून छताकडे बघतायत.

बुधवार, ५

पलंग गॅलरीच्या दाराशी लावला, म्हणजे हवा लागेल. पण गॅलरीत ह्यांचा पसारा. चहाचे कागदी कप, बुडाला भोकं पाडलेले, प्रत्येकात माती आणि बोटाएवढं हिरवं काहीतरी. कचेऱ्यांतून, टपऱ्यांवरून असे कप गोळा करून आणतात, मला लाज वाटते. चादरी रोज धुवाव्या लागतात आता, वाळत घालायला जागा नको? सगळे कप पायाने सारून कपडे वाळत घालायच्या घोडीखाली ढकलले.

ह्या मातीपायी आमचं एकदाच मोठं भांडण झालं होतं. एका हॉटेलचे पांढरेशुभ्र पडदे मी शिवून घडी घालून ठेवलेले, आणि हे ओल्या मातीच्या हातांनी ते बाजूला करायला गेले. सगळे पडदे पुन्हा धुतले, पुन्हा इस्त्री केली. तेव्हा मी निक्षून सांगितलं, गॅलरी तुमची, घर माझं, आणि माझ्यासमोर मातीचं नावसुद्धा काढायचं नाही. ह्यांनी ते इतकं पाळलं की त्या कपांत काय उगवलंय, हे मला आजही माहीत नाही.

दुपारी ऊन डोळ्यांवर यायला लागलं म्हणून मी गॅलरीच्या दाराचा पडदा ओढला. तेवढ्यात मागून आवाज आला. "घर."

मी धावले. पहिला शब्द! म्हटलं, "हो हो, घरीच आहात. आपलं घर." त्यांनी मान हलवली, नाही नाही अशी. घसा ताणून म्हणाले, "दुसरं. घर."

मी म्हटलं, असू दे. शब्द तर आला.

शुक्रवार, ७

दिवसभर तेच. दुसरं घर, दुसरं घर. भात भरवताना, पाठ पुसताना, आणि पडदा ओढला की हमखास. पडदा ओढला की डावा हात पलंगावर आपटतात. मला वाटलं ऊन हवंय, पण उघडला की शांत होऊन बाहेर बघत राहतात. माझ्याकडे बघतच नाहीत.

संध्याकाळी आणखी एक शब्द आला. मी त्यांची नखं कापत होते. माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "पोरी."

मी म्हटलं, "कोण पोरी?"

"पोरी. मरतील."

त्यांचे डोळे भरले होते. मी नखं कापायचं तसंच सोडून स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आम्हाला एकच मुलगा. ह्यांना मुलगी हवी होती, पण मुलाच्या वेळी माझे जे हाल झाले त्यानंतर मला पुन्हा त्या फेऱ्यात पडायचं नव्हतं. ह्यांनी कधी शब्दाने विचारलं नाही. किती समजूतदार नवरा, असं मी चारचौघींत सांगत आले.

दुसरं घर. पोरी. मरतील. हे शब्द मी लिहून पुन्हा पुन्हा वाचले.

रविवार, ९

मुलगा येऊन गेला. त्याला आडून आडून विचारलं. तो आधी हसला. "आई, बाबांना स्वतःचे मोजे सापडत नाहीत. त्यांना दुसरं घर कुठून सापडणार?"

मग तो आत बापाजवळ जाऊन बसला. बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. "माझा हात धरून म्हणाले, पोरींना घर दे."

"काय म्हणालास तू?"

"देतो म्हणालो. काय म्हणणार?"

आम्ही दोघं चहाचे कप धरून बसलो, प्यायलो नाही. जाताना त्याने पुन्हा शुश्रूषाकेंद्राचा विषय काढला. त्याच्या घराजवळ आहे, चांगलं आहे, व्यायाम करून घेतात, तुझ्याने एकटीने उचलणं व्हायचं नाही. दवाखान्यात असताना म्हणाला होता तेव्हा मी त्याला उभा-आडवा झापला होता. आज नुसतं "बघू" म्हटलं.

सोमवार, १०

बोलणं शिकवणाऱ्या बाई आल्या. चित्रांचे पत्ते घेऊन येतात. चेंडू दाखवला, हे गप्प. मांजर दाखवलं, गप्प. मग घराचं चित्र दाखवलं, लाल छपराचं. ह्यांनी चित्र बाजूला सारलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाले, "दुसरं!"

बाई माझ्याकडे वळून आनंदाने म्हणाल्या, "बघा, विशेषण वापरतायत! फार चांगली खूण आहे."

मी म्हटलं, "हो का." धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं.

बुधवार, १२

समोरच्या वहिनी बसायला आल्या. आम्ही दवाखान्यात होतो तेव्हा गॅलरीतल्या कपांना पाणी वहिनींनीच घातलं, माणुसकी आहे. पण कानही तितकेच लांब. ह्यांचं ऐकलं आणि माझा हात दाबून म्हणाल्या, "वहिनी, वाईट वाटून घेऊ नका, पण कुठेतरी पाणी मुरतंय. शुद्धीत असताना माणूस झाकतो. मेंदूला धक्का बसला की खरं ते बाहेर येतं."

"डॉक्टर म्हणाले अर्थ लावू नका."

"डॉक्टरांनाही बायका असतात," वहिनी म्हणाल्या.

त्याचा काय अर्थ हे मला अजून कळलं नाही, पण बोलणं मनात रुतून बसलंय. जाताना म्हणाल्या, "कपांना पाणी घालता ना?" मी म्हटलं, हो. खोटं बोलले. मला त्या गॅलरीत जावंसंच वाटत नाही. चादरी घोडीवर टाकते आणि मागे फिरते.

गुरुवार, १३

विचार करायला बसलं की सगळं जुळत जातं.

निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी हे पिशवी घेऊन "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून जायचे. जेवायच्या वेळेला परत. आणि आले की खूश, शीळ घालत. हात स्वच्छ धुतलेले, नखंसुद्धा. मी एकदा कौतुकाने म्हटलं होतं, फिरायला जाऊन हात कुठे धुता? तर म्हणाले, "तुझ्या पडद्यांची भीती." मी हसले होते. मूर्ख कुठली.

गेल्या वर्षी माझ्याकडून जुन्या जाळीच्या पडद्याचे दोन तुकडे मागून नेले. कशाला विचारलं तर "एकीला ऊन लागतंय," असं म्हणाले. एकीला! मी मशीनवर होते, घाईत होते, वाटलं वहिनींसारखी कोणी शेजारीण असेल. कडा दुमडून, दुहेरी शिवण घालून दिली मी. माझ्या हातची जाळी कोणाच्या खिडकीला लागलीय, देव जाणे.

इतकी वर्षं लोकांच्या खिडक्या झाकल्या. स्वतःच्या घरात काय चाललंय ते दिसलं नाही.

रविवार, १६

आज अक्षर वाईट येतंय.

सकाळी ह्यांचा फोन वाजला. कपाटात ठेवलेला होता, मी विसरलेच होते की तो चालू आहे. नुसता नंबर, नाव नाही. मी उचलला आणि काही बोलायच्या आत बाईचा आवाज.

"काका, अहो आहात कुठे? किती रविवार झाले, तोंड दाखवलं नाहीत! पोरींची घरं कधीची काढून ठेवलीत मी. आणखी उशीर केलात तर गुदमरतील हां त्या, मग मला बोलू नका."

मी फोन बंद केला. बंद करून कपाटात टाकला, वर कपडे टाकले, कपाटाला कुलूप लावलं.

काका म्हणते! म्हणजे वयानेही लहान. कानामागून आली आणि तिखट झाली.

हे पलंगावरून माझ्याकडे बघत होते. मी विचारलं, "कोण ती?" तर ह्यांचा चेहरा उजळला. खरं सांगते, उजळला. "पोरी?" म्हणाले. मी आतल्या खोलीत जाऊन मशीनवर बसले आणि रडता येईना म्हणून एका पडद्याची सगळी शिवण उसवून टाकली.

सोमवार, १७

मुलाला कळवलं. पुढच्या सोमवारी शुश्रूषाकेंद्राची गाडी पाठव म्हटलं. "आई, नक्की? त्या दिवशी तर बघू म्हणालीस." मी म्हटलं, नक्की. कारण सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ह्यांचं सगळं करते. भरवते, पुसते, कूस बदलते. फक्त बोलत नाही. बोलण्यासारखं काय उरलंय?

बुधवार, १९

आज न राहवून बोलले. पडदा ओढला, तर पुन्हा सुरू. दुसरं घर, दुसरं घर. मी पलंगाशी उभी राहिले आणि म्हटलं, "दुसरं घर हवंय ना तुम्हाला? मिळेल. सोमवारी मिळेल. केलीय व्यवस्था."

मला वाटलं घाबरतील, ओशाळतील. माणूस निदान नजर तरी खाली घालेल.

ते हसले. अर्धा चेहरा हसला, दुसरा तसाच राहिला. डाव्या हाताने माझा हात ओढून गालाला लावला आणि डोळ्यांतून पाणी. "दे. दे," म्हणत होते.

इतका निलाजरेपणा! हात सोडवून घेतला. आज माझ्या हातचा भात त्यांनी सगळा खाल्ला, आजारी पडल्यापासून पहिल्यांदाच.

शुक्रवार, २१

वहिनींनी त्यांच्या गॅलरीतून डोकावून सांगितलं, कप सगळे माना टाकून पडलेत. मी म्हटलं, पडू देत. त्या आत गेल्या.

काल बॅग भरली. सदरे, पायजमे, औषधं. दाढीचं सामान भरताना हातात दातांचा ब्रश आला, तो पडला होता तोच. तो धुवून भरला.

ठरवलंय, उद्या तिला बघून येणार. भांडायला नाही. नुसतं तोंड बघायचंय. ह्यांना पाठवायच्या आधी मला माहीत तरी हवं की मी कोणामुळे पाठवतेय.

शनिवार, २२

क्रमाने लिहिते, नाहीतर मला स्वतःलाच खरं वाटणार नाही.

वहिनींना फोनचं सांगून ह्यांच्यापाशी बसवलं. कपाटातून फोन काढून त्या नंबराला लावला. मी म्हटलं, "मी त्यांच्या घरून बोलतेय. पत्ता सांगा, येतेय." ती म्हणाली, "अरे वा, काकू का? या की!" काकू! वर निमंत्रण! तिने पत्ता सांगितला, गावाबाहेरच्या रस्त्याला, पाण्याच्या टाकीमागे. मी चांगले कपडे घातले. केस नीट बांधले. रिक्षात बसून मनात वाक्यं जुळवली, आणि एकही मला पुरेसं वाटलं नाही.

पाण्याच्या टाकीमागे घर नव्हतंच. कुंपण होतं, आत रोपंच रोपं. एक धिप्पाड बाई, पायात गमबूट, नळीने पाणी घालत होती. मला वाटलं चुकले. तिला विचारलं, "इथे कोणी राहतं का?"

"राहतं ना, हे काय," ती रोपांकडे हात करून हसली. आवाज तोच, फोनवरचा. "काकू ना तुम्ही? काका कुठेत?"

मी सांगितलं. नळी तिच्या हातातून पडली. पाणी माझ्या चपलांवरून वाहत गेलं, मी हलले नाही. ती उलट्या घमेल्यावर मटकन बसली आणि म्हणाली, "अगं बाई! आणि पोरी?"

मी म्हटलं, "तेच विचारायला आलेय. कोणाच्या पोरी?"

"काकांच्याच. झिनिया, कॉसमॉस, पिटुनिया. काका बी माझ्याकडून नेतात ना दर वर्षी. पिटुनियाला धाकटी म्हणतात. बी इतकं बारीक असतं, शिंक आली तर उडून जाईल. तिची फार काळजी त्यांना."

ती बोलत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होते. मी कसंबसं विचारलं, "आणि दुसरं घर?"

तिने मागून छोट्या काळ्या कुंड्यांची चळत आणली, दोरीने बांधलेली. "ही काय. काढून ठेवलीत केव्हाची. चहाचा कप म्हणजे पहिलं घर. बुडातून मुळं डोकावली की दुसरं, ही एवढी कुंडी. ती भरली की तिसरं. काकांचाच शब्द हा, आता आमच्याकडे सगळेच वापरतात. गिऱ्हाईक आलं की मी विचारते, पहिल्या घरातलं देऊ की दुसऱ्या?"

मी म्हटलं, "एकदम मोठ्या कुंडीत का नाही लावत?" का विचारलं ते माहीत नाही. काहीतरी बोलायला हवं होतं.

"मोठ्या कुंडीत माती जास्त, पाणी साचतं, बारकी मुळं कुजतात. अंगाबरोबर घर वाढवायचं."

हे मला कळलं. वाढत्या मुलाला बापाचा सदरा घालत नाहीत, शिवणीत कापड ठेवतात आणि वर्षाने उसवून सोडतात. जन्मभर हेच करत आलेय मी. तिने विचारलं, "काकांनी घरी कधी सांगितलं नाही?" मी मान हलवली. मातीचं नाव काढायचं नाही, हे मीच सांगितलेलं. त्यांनी नाव काढलं नाही. रविवारी इथे नळावर नखं घासून घरी येत होते.

निघताना माझं लक्ष कोपऱ्यात गेलं. कोवळ्या रोपांच्या वाफ्यावर सावलीला जाळी बांधली होती. मी जवळ जाऊन कड उलटून बघितली. दुहेरी शिवण. माझीच.

तिथे खाली बसले आणि रडले. ती बिचारी गांगरली, पाणी घेऊन आली, म्हणाली, "काकू, होतील काका बरे." तिला काय सांगणार मी? तिने कुंड्या दिल्या, मातीचं पोतं रिक्षात ठेवलं आणि बजावलं, "रोप काढताना मान धरायची नाही, कान धरायचा. देठ दुखावलं की संपलं. पान फाटलं तर दुसरं येतं."

घरी आले ते चपलांसकट गॅलरीत गेले. वहिनी मागून "काय झालं? भेटली का?" विचारतायत. मी गुडघ्यांवर बसून कप ओढत होते. कडेचे सगळे वाळलेले. चुरगळले की हातात पावडर. पिटुनियाचे सगळेच गेले, धाकटी गेली. एकामागून एक कप काढते आणि मेलेलं रोप.

मग मधल्या रांगेला हात लागला तर माती ओली.

मला कळेना. वर बघितलं. घोडीवर सकाळची चादर टाकलेली होती, तिच्या टोकातून थेंब पडत होते. रोज धुतलेली ह्यांची चादर रोज तिथेच निथळत होती. तेवढ्या पट्टीत खाली जे कप होते ते जगले. मूठभर असतील. उंच, लुकडे, पण हिरवे, आणि बुडातून पांढरी मुळं बाहेर आलेली.

मी पडदा सरकवला, पार कडेपर्यंत. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या कपाकडे. मी तो त्यांच्या डाव्या हातात दिला.

रविवार, २३

सकाळी मुलाला फोन केला, गाडी नको. "आता काय झालं?" सगळं सांगितलं. पलीकडून आवाजच येईना. मला वाटलं लाइन तुटली. तो हसत होता, श्वास लागेपर्यंत हसत होता, आणि मग हसता हसता त्याचा आवाज बदलला. "आई, त्या दिवशी मी त्यांना 'देतो' म्हणालो गं."

दुपारी पलंगाशेजारी जुनं मेणकापड पसरलं आणि घर बदलायला बसलो. ज्या खोलीत मातीला बंदी होती त्या खोलीत पोतं उघडलं. ह्यांच्या मांडीवर कुंडी ठेवली, डाव्या हाताने त्यांनी ती धरली. मी कप फाडला आणि घाईत रोपाचं देठ चिमटीत धरलं. ह्यांनी असा काही आवाज काढला की वहिनी धावत आल्या.

"कान, कान! आठवलं," मी म्हटलं आणि पान धरलं. ते शांत झाले. मी मुळांभोवती माती घातली, त्यांनी डाव्या अंगठ्याने दाबली. जोरात नाही, अगदी बेताने. मला वाटायचं ह्यांच्या त्या हाताला काही येत नाही.

धाकटीचं विचारतील याची धास्ती होती. त्यांनी कुंड्यांवरून नजर फिरवली, पुन्हा फिरवली. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. त्यांनी मातीचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. केसांत माती गेली. राहू दिली.

'दुसरं घर' आज एकदाही म्हणाले नाहीत.

रविवार, ३०

झिनियाला नवी पानं फुटलीत. कॉसमॉसचे शेंडे खुडायला त्या गमबूटवाल्या बाईंनी फोनवर सांगितलं, तेही केलं. ह्यांना खुर्चीत बसवून गॅलरीत नेते. बोलणं मात्र ठप्प. जुने शब्द गेले, नवे आले नाहीत. बोलणं शिकवणाऱ्या बाई सोमवारी काळजीत होत्या. म्हणाल्या, मध्ये शब्द येत होते, आता तेही थांबले, असंच राहिलं तर मन घट्ट करा. जे येत होते ते मीच बंद केले, असं मनात येत राहतं.

आठवडाभर एक गोष्ट घशात अडकून होती. त्यांना काय माहीत मी गप्प का होते, बॅग कशाला भरली होती? आज ठरवलं, सांगून टाकायचं. जे व्हायचं ते होवो. एक कॉसमॉस मागे राहिला होता, त्याला नव्या कुंडीत लावत होते. त्यांच्याकडे न बघता बोलायला लागले.

"अहो, तुम्ही दुसरं घर दुसरं घर म्हणत होतात ना. मला वाटलं, तुमचं दुसरं घर आहे. खरंखुरं. बाई असलेलं."

काही हालचाल नाही.

"आणि पोरी म्हणालात, तर मला वाटलं तिच्या आणि तुमच्या. म्हणून बोलत नव्हते तुमच्याशी. म्हणून सोमवारची गाडी बोलावली होती. कुठे पाठवणार होते ते कळलं ना तुम्हाला?"

तरी काही नाही. मी वर बघितलं. ह्यांचा चेहरा वाकडा झाला होता, खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी, घशातून कसलातरी घर्र आवाज. पुन्हा झटका आला! मी "वहिनी! वहिनी!" ओरडत उठले, मांडीवरची कुंडी खाली पडून उलटली, सगळीकडे माती.

ह्यांनी डाव्या हाताने माझी बाही धरली. झटका नव्हता. हसत होते. हसून हसून श्वास पुरत नव्हता. माझ्याकडे बोट केलं, मग एक बोट उभं धरलं, आणि शब्द शोधायला लागले. मी त्यांना असं शोधताना कधी बघितलं नव्हतं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. वहिनी दारात येऊन उभ्या होत्या.

"एकच," हे म्हणाले. मोठा श्वास घेतला. "एकच... झेपेना!"

वहिनी तोंडाला हात लावून पळाल्या. मी खाली मातीतच बसले. हसत होते की रडत होते, माझं मलाच कळत नव्हतं. तो कॉसमॉस फरशीवर आडवा पडला होता, तो आधी कान धरून उचलला.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलंय, नवा शब्द आला की लगेच कळवा, नेमका काय ते सांगा. आता त्यांना काय कळवू, कपाळ माझं?